जहाज कुठल्या दिवशी धरायचं?

सप्रेम आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. माणसं सात: आजी, आई-बाबा, ताई-भाओजी, त्यांचा सहा वर्षांचा लेक आणि तू. एकूण नऊ रात्री, महिना मे, सिंगापूर आणि क्वालालंपूर, त्यात तीन रात्रींची क्रूझ. बेत छान आहे, फक्त क्रूझ चुकीच्या जागी बसली आहे. सकाळी साडेसातला सिंगापूरला उतरायचं आणि त्याच दुपारी जहाजावर चढायचं, म्हणजे एका रात्रीचं हॉटेल वाचतं, असा तुझा हिशोब दिसतो. त्या वाचलेल्या हॉटेलची किंमत कुठे वसूल होते ते आधी सांगतो.

मुंबईहून रात्री साडेअकराच्या सुमारास निघालेलं विमान साडेपाच तासांत पोचतं आणि घड्याळ अडीच तास पुढे सरकतं. जेवण, दिवे, घोषणा वजा करता आजीच्या वाट्याला झोप येते दोन-तीन तासांची. त्यावर इमिग्रेशन, बॅगा, टॅक्सी, मग क्रूझ टर्मिनलवर पुन्हा सामान तपासणी, पुन्हा रांग, पुन्हा इमिग्रेशन, कारण जहाजावर चढणं म्हणजे सिंगापूर सोडणंच. केबिन हाती येईपर्यंत दुपारचे दोन-तीन वाजतात आणि पाठोपाठ सुरक्षेच्या सूचनांचा कार्यक्रम असतो, तो सगळ्यांना सक्तीचा. पहिली संध्याकाळ सगळे झोपून काढतात, आणि क्रूझमध्ये तर संध्याकाळी मिळून तीनच.

दुसरी भीती विमानाच्या उशिराची. उशीर झाला तरी हॉटेल खोली राखून ठेवतं. जहाजाचं चेक-इन मात्र सुटण्याच्या साधारण तास-दीड तास आधी बंद होतं आणि एकदा बंद झालं की विनंती चालत नाही. पैसे परत मिळत नाहीत. पुढच्या बंदरावर जाऊन जहाज गाठू म्हटलं तर आयत्या वेळची सात विमान तिकिटं, शिवाय तिथून चढायला कंपनीची परवानगी. म्हणून विमानानं पोचणं आणि जहाज सुटणं यांत निदान एक रात्र हवी. आजी बरोबर आहेत, तेव्हा तू दोन धर.

मग शेवटी ठेवू का, असं तू विचारशीलच. त्यातही खोट आहे. जहाज सकाळी लागतं, पण सगळे एकदम उतरत नाहीत. टॅगच्या रंगाप्रमाणे किंवा मजल्याप्रमाणे सोडतात. मोठ्या बॅगा आदल्या रात्री केबिनच्या बाहेर ठेवायच्या असतात, बहुधा अकराच्या आत, आणि त्या मिळतात थेट खाली टर्मिनलमध्ये. त्या रात्री उद्याचे कपडे चुकून बॅगेत जाणारं कोणीतरी प्रत्येक कुटुंबात निघतंच. त्यानंतर परतीचं विमान. दुपारी चारच्या आधीचं तर घेऊच नकोस, आणि संध्याकाळचं घेतलंस तरी सात माणसांना दिवसभर बॅगा सांभाळत कुठेतरी बसावं लागेल. खरेदीचंही बघ. क्रूझ शेवटी ठेवली की सिंगापूरच्या मुस्तफा या मोठ्या दुकानातून घेतलेलं सगळं जहाजावर वाहून न्यायचं आणि परत आणायचं.

तेव्हा मधली जागा धर: सिंगापुरात दोन रात्री, जहाजावर तीन, परत सिंगापुरात दोन, मग क्वालालंपूरला दोन आणि तिथूनच मुंबई. नऊ रात्री बरोबर बसतात. जाणं सिंगापूरला आणि येणं क्वालालंपूरहून, असं एकाच बुकिंगवर काढलंस तर सिंगापूरला परत यायचा खर्चही नाही. सिंगापूर–क्वालालंपूर बसनं पाच-सहा तास लागतात, पण सीमेवर दोनदा उतरावं लागतं. आजींसाठी तासाभराचं विमानच बरं.

या मांडणीचा खरा फायदा सामानात आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. क्रूझच्या आधी आणि नंतर हॉटेल एकच ठेव. जहाजावर जाताना मोठ्या बॅगा त्यांच्या लगेज रूममध्ये ठेवायच्या, पावती घ्यायची आणि दोघांत एक छोटी बॅग घेऊन निघायचं. बुकिंग करतानाच ईमेलवर विचारून घे. परत येणाऱ्या पाहुण्यांना बहुतेक हॉटेलं नाही म्हणत नाहीत. साधी आतली केबिन जेमतेम दीडशे चौरस फुटांची असते. तिच्यात तीन माणसं आणि तीन मोठ्या बॅगा शिरल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही. कपडे धुवायचे असतील तर चढायच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या आसपास नाण्यांवर चालणारं मशीन शोध. जहाजावरची धुलाई नगावर असते आणि महाग पडते.

आता मार्ग. तू निवडलेली क्रूझ पोर्ट क्लांगला थांबते. पोर्ट क्लांग हे क्वालालंपूरचंच बंदर. शहर तिथून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे जायला तासाहून जास्त आणि यायला तेवढाच. पेट्रोनास टॉवर्स बसच्या खिडकीतून आणि बटू केव्ह्‌जच्या पायऱ्या खालून बघायच्या, आणि चार दिवसांनी त्याच शहरात दोन रात्री राहायला जायचं! एकाच गोष्टीचे पैसे दोनदा. त्याऐवजी मलेशियातल्याच पेनांग बेटाला थांबणारी घे. पेनांगला जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि धक्का जॉर्ज टाऊनलाच चिकटून आहे. फाटकाबाहेर पडलं की फोर्ट कॉर्नवॉलिस, पुढे लिटल इंडिया. या जुन्या शहराला २००८ साली युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला. आजींना टॅक्सीनं लिटल इंडियात नेऊन एक फेरी मारून, डोसा-कॉफी घेऊन दोन तासांत जहाजावर परत आणता येतं, आणि बाकीच्यांना हवं तितकं भटकता येतं. ऊन मात्र आपल्या चिपळूणच्या मे महिन्यासारखं, घामानं निथळवणारं. सकाळीच उतरा.

थायलंडमधल्या फुकेतची चार रात्रींची क्रूझ थोड्याच जास्त पैशांत मिळते म्हणून एजंट गळ घालील. मे महिन्यात नको. तिथल्या पाटोंग किनाऱ्यासमोर मोठी जहाजं पाण्यातच नांगर टाकतात आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. मेपासून नैर्ऋत्य मान्सूनची लाट अंदमान समुद्राच्या त्या किनाऱ्यावर येते, आणि बोटीत चढ-उतार धोक्याचा वाटला तर कप्तान फुकेत रद्द करतो. ते त्याच्या अधिकारात असतं. त्याउलट सिंगापूर ते पेनांग हा मलाक्का सामुद्रधुनीतला रस्ता सुमात्राच्या आडोशाला आहे, त्यामुळे तिथे सहसा हेलकावे कमी. तरीही आजींना एसटीच्या घाटातही मळमळत असेल तर केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी माग. टोकाला आणि वर हालचाल जास्त जाणवते. मळमळीच्या गोळीनं झोप येते आणि त्यांची रक्तदाबाची औषधं चालू असतील, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच बरोबर घे. आलेपाक असू दे.

(फुकेतचं पुढे कधी केलंस तर एक लक्षात ठेव. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. किनाऱ्यावर उतरताच मोबाईल आपोआप थाई वेळ दाखवतो, आणि जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत असेल तर तुम्हाला हाताशी तासभर जास्त आहे असं वाटत राहतं. बाबांचं हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवायचं आणि त्याच्यावरच चालायचं.)

तारीख निवडताना आपल्या शाळांच्या सुट्टीबरोबर सिंगापूरच्याही बघायच्या. तिथली जूनची शाळेची सुट्टी मेच्या अखेरीस सुरू होते आणि भाडी चढतात. मेचा पहिला पंधरवडा बरा, पण १ मे आणि वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, या तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या आहेत; शनिवार-रविवारला जोडून आल्या की स्थानिक लोक जहाज भरून टाकतात. आठवड्याच्या मधली क्रूझ बहुधा स्वस्त असते आणि तरणतलावात पाणी दिसतं. म्हणून आधी क्रूझची तारीख पक्की कर, मग विमानाची तिकिटं काढ. विमान रोज आहे, तुला हवी ती क्रूझ आठवड्यातून एकदाच असू शकते.

केबिन तीन घे. भाडं दोन माणसांच्या हिशोबानं असतं. एकटा माणूस राहिला तर जवळपास दोघांचं भरतो. आई-बाबा एकीत, आजी आणि तू दुसरीत, ताई-भाओजी आणि भाचा तिसरीत. तिसऱ्या माणसाला सहसा भाडं कमी पडतं, पण त्याचा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा असतो. भाच्याला त्याचीच मजा वाटेल. आजींच्या केबिनमध्ये खाली दोन वेगळे पलंग आहेत ना, हे लेखी विचार. बाल्कनी एकाच केबिनला घेतलीस तरी सगळ्यांना पुरते.

व्हिसाकडे नीट बघ, कारण या मांडणीत सगळ्यात मोठा घोळ तिथे होतो. जहाजावर चढलात की सिंगापूर सोडलंत. परत आलात की दुसऱ्यांदा प्रवेश. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तुम्हाला जहाजावर चढूच देणार नाहीत. सिंगापूरचा ई-व्हिसा हातात आल्याबरोबर सातही जणांच्या कागदावर मल्टिपल, म्हणजे अनेक प्रवेशांचा, असं लिहिलं आहे का, ते एकेक करून वाच. अर्ज साधारण प्रवासाच्या महिनाभर आधीच करता येतो, तोवर क्रूझचे पूर्ण पैसे भरून झालेले असतात, म्हणून कागदपत्रं आधीपासून तयार ठेव. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. मलेशियात भारतीयांना व्हिसामाफी १ डिसेंबर २०२३पासून आहे, पण ती मुदतीची सवलत आहे. तिकीट काढायच्या आधी पुन्हा तपास.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाआधी भरायचा फॉर्म, ऑनलाइन आणि फुकट आहे. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस. हे कार्ड दोनदा भरायचं: विमानानं येताना आणि जहाजानं परतताना. ते प्रवेशाच्या तीन दिवस आधीच उघडतं, त्यामुळे तीन रात्रींच्या क्रूझला चढायच्या आधी भरता येईलच असं नाही. पेनांगला फोनला रेंज असताना चहा पिता पिता सातही भरून टाक. समुद्रात फोन फ्लाइट मोडवर ठेवायचा, सगळ्यांनी. नाहीतर तो जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जातो आणि बिल घरी आल्यावर कळतं.

टर्मिनलचं नाव टॅक्सीवाल्याला दाखव, नुसतं क्रूझ सेंटर म्हणू नकोस. शहरात दोन आहेत: मोठ्या जहाजांचं बहुधा मरीना बे क्रूझ सेंटर आणि दुसरं हार्बरफ्रंटचं, जिथून इंडोनेशियातल्या बाटम बेटाच्या फेरीबोटीही सुटतात. तुमच्या तिकिटावर जे असेल ते.

टर्मिनलवर दिलेल्या बॅगा केबिनला संध्याकाळपर्यंत येतात. औषधं, चष्मे, पासपोर्ट, भाच्याचा पोहायचा पोशाख खांद्यावरच्या पिशवीत. काही जहाजांवर पासपोर्ट जमा करून घेतात. घाबरायचं नाही, पावती घ्यायची आणि झेरॉक्स जवळ ठेवायची. आईंना सांग, विजेची किटली आणि इस्त्री बॅगेत नको. आगीच्या भीतीनं त्या काढून घेतात आणि उतरतानाच देतात, म्हणजे केबिनमध्ये मऊभात शिजवायचा बेत बारगळला. शाकाहारी आणि जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवायचं. बंद पाकिटातला चिवडा, लाडू सहसा चालतात, पण बंदरावर उतरताना घरचं खाणं बरोबर नेऊ नका.

जहाजावर रोख चालत नाही. केबिनच्या कार्डावर खर्च चढत जातो. सुरुवातीला तुझं बँकेचं कार्ड जोडतात आणि काही रक्कम अडकवतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलंस तर ती रक्कम सुटायला कित्येक दिवस लागतात आणि क्वालालंपूरला हाताशी पैसे नाहीत अशी वेळ येते. तिथे क्रेडिट कार्डच दे. दरडोई दर रात्रीचं सेवाशुल्क वेगळं असतं, बहुतेक कंपन्यांत मुलांचंही. सात माणसं गुणिले तीन रात्री, हा आकडा आजच बजेटमध्ये घाल.

जहाजावरून उतरायच्या दिवशी काही बुक करू नकोस. हॉटेलची खोली दुपारी तीनच्या आधी मिळत नाही. छोट्या बॅगा तिथे टाकून आजींना लॉबीत बसवण्यापेक्षा गार्डन्स बाय द बेच्या थंड काचघरांत घेऊन जा. बसायला बाकं आहेत, व्हीलचेअर फिरते. सेंटोसा हे करमणुकीचं बेट दुसऱ्या दिवशी. भाच्यानं तीन दिवस जहाजावरच्या घसरगुंड्या केलेल्या असतील, तेव्हा तिथलं वॉटर पार्क वगळ, युनिव्हर्सल ठेव.

आता बुकिंगला हात घालण्याआधी सातही पासपोर्टांची पहिली पानं मला पाठव. आपल्याकडे गिव्हन नेममध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं, आणि एजंट ते कधी घालतो, कधी गाळतो. ताईंचा पासपोर्ट लग्नाआधीच्या आडनावाचा आहे का, तेही कळव. क्रूझ, विमान आणि व्हिसा, तिन्हींवर नाव अक्षरशः पासपोर्टप्रमाणेच लागेल.