व्हॅनिला फज: गाणं दुसऱ्याचं, लय स्वतःची

प्रश्न दोन आहेत. पहिला सगळा अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांनी भरणाऱ्या व्हॅनिला फज या अमेरिकी बँडला रॉकच्या इतिहासात एवढा मान का, आणि नव्या बँडला त्या पद्धतीचं कव्हर (दुसऱ्याच्या गाण्याचं आपलं रूप) बसवायचं असेल तर काय करावं. दोन्हींची उत्तरं एकाच गाण्यात आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

'यू कीप मी हँगिन ऑन' हे मूळ सुप्रीम्स या गायिकांच्या गटाचं. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या हॉलंड-डोझियर-हॉलंड या गीतकार त्रयीची रचना, १९६६ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली. जेमतेम पावणेतीन मिनिटांचं, पळतं, पायांना ठेका धरायला लावणारं गाणं. शब्द मात्र ठेका धरण्याचे नाहीत: ज्याचं प्रेम संपलंय पण जो सुटकाही करत नाही, अशा माणसाची केलेली विनवणी आहे ती. व्हॅनिला फजमधल्या मार्क स्टाइन आणि टिम बोगर्ट यांना नेमकी हीच विसंगती खटकली. त्यांनी लय जवळजवळ निम्म्यावर आणली, सुरुवातीला ऑर्गनचा लांब आलाप घातला, आणि प्रत्येक ओळ घशातून ओढून काढल्यासारखी म्हटली. द्रुतातली बंदिश कुणी विलंबितात मांडली की तिच्यातलं दुःख अचानक दिसू लागतं, तसंच इथे झालं. बँडमधल्यांनी सांगितल्याप्रमाणे हे ध्वनिमुद्रण एकाच टेकमध्ये, म्हणजे एकदाच वाजवून झालं. ते पटतं, कारण रोज रात्री क्लबमध्ये वाजवून गाणं आधीच पक्कं झालं होतं.

हे क्लब न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधले. तिथल्या बँडमध्ये चालू हिट गाणी ताणून, नाट्यमय करून वाजवायची रीत होती, आणि हॅमंड ऑर्गन पुढे आणणाऱ्या रॅस्कल्स या बँडचा सगळ्यांवर प्रभाव होता. स्टाइन (ऑर्गन आणि गायन), बोगर्ट (बास) आणि विन्स मार्टेल (गिटार) यांचा बँड आधी 'पिजन्स' नावाने वाजवत असे. १९६६च्या अखेरीस ड्रमवर कार्माइन अपिस आला आणि चौकडी पुरी झाली. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या अहमत एर्टेगुनला 'पिजन्स' हे नाव पसंत नव्हतं, म्हणून ते बदललं. अटलांटिकच्याच अॅटको या लेबलवर, जॉर्ज 'शॅडो' मॉर्टनच्या निर्मितीत, १९६७च्या ऑगस्टमध्ये पहिला अल्बम आला आणि बिलबोर्डच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. सिंगलचं, म्हणजे वेगळ्या काढलेल्या 'हँगिन ऑन'चं, नशीब वेगळं होतं. १९६७मध्ये ते ६७व्या क्रमांकावरच अडलं, आणि १९६८मध्ये पुन्हा काढल्यावर सहाव्यापर्यंत पोहोचलं.

त्या अल्बमवर बीटल्सची दोन गाणी आहेत, 'टिकेट टू राइड' आणि 'एलेनॉर रिग्बी'. शिवाय इम्प्रेशन्सचं 'पीपल गेट रेडी', झोंबीजचं 'शीज नॉट देअर', शेरने गाजवलेलं 'बँग बँग'. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला गाण्यांच्या मधे अर्ध्या मिनिटाहूनही छोटे वाद्यतुकडे आहेत. त्यांच्या नावांतली आणि बाजूच्या अगदी शेवटी येणारी सुटी इंग्रजी अक्षरं ओळीने जोडली की 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' हे बीटल्सच्या गाण्याचं नाव तयार होतं. बीटल्सना केलेला हा नमस्कार मला फार गोड वाटतो. माझ्या मते 'एलेनॉर रिग्बी' हे त्यांचं सर्वांत धाडसी काम आहे. 'टिकेट टू राइड' मात्र ताणलेलं वाटतं, कारण मूळ गाणंच पुरेसं जड होतं आणि लय उतरवून नवं काही हाती लागलं नाही.

घसरण दुसऱ्याच अल्बममध्ये झाली. फेब्रुवारी १९६८च्या 'द बीट गोज ऑन'मध्ये मॉर्टनने मोझार्ट आणि बेथोव्हेनपासून बीटल्सपर्यंतच्या संगीताचे तुकडे आणि चर्चिल, हिटलर, रूझवेल्ट यांच्या भाषणांचे आवाज एकत्र जोडले. बँडला वाजवायला जागाच उरली नाही, आणि सदस्य पुढे या अल्बमबद्दल नाराजीनेच बोलले. त्याच वर्षीच्या 'रेनेसान्स'मध्ये बहुतेक गाणी स्वतःची आहेत, शेवटी डोनोव्हनचं 'सीझन ऑफ द विच'. तो जरूर ऐका. १९६९च्या 'निअर द बिगिनिंग'ची निर्मिती बँडनेच केली. त्यातलं 'शॉटगन' उत्तम आहे. दुसरी अख्खी बाजू एका प्रत्यक्ष कार्यक्रमातल्या सुमारे २३ मिनिटांच्या वादनाने भरलीय, ती एका बैठकीत ऐकणं कठीण जातं. १९७०मध्ये बँड फुटला. बोगर्ट आणि अपिस आधी कॅक्टस या बँडमध्ये गेले आणि नंतर गिटारवादक जेफ बेकबरोबर वाजवू लागले. पुढे बँड अनेकदा पुन्हा जमला. बोगर्ट जानेवारी २०२१मध्ये वारला.

महत्त्व कशात, ते यानंतरच्या बँडमध्ये दिसतं. डीप पर्पलच्या १९६८च्या पहिल्या अल्बमवरचं, बीटल्सचंच पण संथ केलेलं 'हेल्प!' थेट याच साच्यातलं आहे, आणि त्यांचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याने हे ऋण मोकळेपणाने मान्य केलंय. २६ डिसेंबर १९६८ला डेन्व्हरमध्ये लेड झेपेलिनचा अमेरिकेतला पहिला कार्यक्रम झाला, तो व्हॅनिला फजच्या आधी वाजवणारा बँड म्हणून.

ऐकताना गाण्याची लांबी बघा. 'हँगिन ऑन' तीन मिनिटांच्या आत संपत असेल, तर ते रेडिओसाठी कापलेलं सिंगल आहे. त्यात सुरुवातीचा आलाप जातो आणि गाण्याचा कणाच मोडतो.

आता बसवण्याबद्दल. आधी शब्द चालीशिवाय वाचून काढा. चाल आनंदी आणि शब्द दुखरे, असं गाणं निवडा. शब्द पोकळ असतील तर संथ लयीत ती पोकळी उघडी पडते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो. ६५वर आणलं की तो ०.९२ सेकंदांचा होतो, म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन जवळजवळ पावणेचार सेकंदांचं. ओळ संपल्यावर उरणारी ही जागा कोणाची, हे तालमीतच ठरवा: एका आवर्तनात ऑर्गन, पुढच्यात ड्रम. चौघेही एकदम घुसले तर चिखल होतो. संथ कव्हर फसतात ती बहुतेक याच कारणाने.

ऑर्गनला लेस्ली स्पीकरचा, म्हणजे आतले भाग फिरवून आवाज लहरता करणाऱ्या स्पीकरचा परिणाम हवा: संथ फिरणं मिनिटाला साधारण ४० फेरे, जलद ४००च्या आसपास. खऱ्या लेस्लीत वेग चढायला वेळ लागतो, खालच्या, खर्जाच्या फिरत्या भागाला तर काही सेकंद. म्हणून जोराची जागा यायच्या आधीच्या आवर्तनात वेग बदलायची कळ दाबा, समेवर नाही. कीबोर्डवरच्या नकली लेस्लीत वेग चढण्याचा काळ बदलता येत असेल, तर तो वाढवा. बासने नुसते कॉर्डचे मूळ स्वर धरू नयेत. गायक थांबतो तिथे त्याने गायचं. बोगर्ट नेमकं हेच करतो.

सर्वांत अवघड काम ड्रमरचं. जोर वाढला की हात आपोआप पळतात आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत ६५चे ७५ होतात. मेट्रोनोम लावून आधी अख्खं गाणं हळू आवाजात वाजवा, मग फक्त आवाज वाढवत त्याच लयीत. अपिसचं १९७२चं 'रिअलिस्टिक रॉक' हे ड्रमचं पुस्तक मिळालं तर सरावाला ठेवा. आणि पूर्ण जोर गाण्यात एकदाच येऊ द्या, शक्यतो शेवटच्या एक-तृतीयांश भागात.