खिशात एक दोरा ठेवा
वाचकांचे प्रश्न : प्रवासात पाहायच्या जुन्या-नव्या इमारतींविषयी

*मी तीस वर्षं वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना जुन्या इमारतींची मापं घ्यायला शिकवलं. एकेका दालनात आम्ही टेप, ओळंबा आणि वही घेऊन चार-चार दिवस काढायचो. माझी उत्तरं त्या सवयीतून आलेली आहेत.*

प्रश्न : ताई, आम्ही दहा दिवसांत बावीस ऐतिहासिक इमारती पाहिल्या. आता फोटो बघताना कोणता घुमट कुठला, हे मलाच सांगता येत नाही. आमचं काय चुकलं?

बावीस हा आकडाच चुकला. दिवसाला एक इमारत पुरे, आणि तिच्यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवा. जमलं तर तिच्याकडे दोनदा जा, एकदा उघडल्या उघडल्या आणि एकदा बंद व्हायच्या आधी.

दोनदा का, तर उजेडासाठी. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया या चर्चमध्ये पूर्वेकडच्या खिडक्यांना निळ्या-हिरव्या काचा आहेत आणि पश्चिमेकडच्यांना लाल-नारिंगी. सकाळी आत गेलात तर तळ्याच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटतं, संध्याकाळी तेच खांब निखाऱ्यासारखे पेटतात. भर दुपारी तासभर जाऊन आलेल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. रोमच्या पॅन्थिऑनमध्ये तर खिडकीच नाही. घुमटाच्या माथ्यावर सुमारे नऊ मीटर रुंदीचं उघडं भोक आहे, आणि दरवाजा सोडला तर उजेड येतो तो तिथूनच. त्यातून पडणारा उन्हाचा गोळा दिवसभर भिंतीवरून सरकतो. घुमटाला आतून चौकोनी खाचे आहेत, एका रांगेत अठ्ठावीस, अशा पाच रांगा. मी तिथल्या बाकावर दीड तास बसले होते आणि दर दहा मिनिटांनी ऊन कोणत्या खाचेवर आलं ते वहीत मांडत होते. त्या प्रवासातलं बाकी बरंच विसरले, पण तो दीड तास अजून डोळ्यांपुढे आहे.

आत कसं शिरायचं, याकडेही लक्ष द्या. इराणमधल्या इस्फहानची शेख लुत्फुल्ला मशीद १६०३ ते १६१९ या काळात बांधली गेली. तिचं प्रवेशद्वार चौकाच्या रेषेत आहे, पण आतल्या दालनाला मक्केकडे तोंड करायचं होतं. बांधणाऱ्यांनी मधे एक अंधारी, वळणारी वाट घातली. काळोखातून वळत वळत जाता आणि एकदम घुमटाखाली येता. अडचणीतून काढलेली ही वाट त्या इमारतीचा निम्मा जीव आहे. ती फोनकडे बघत ओलांडली तर पुढचा घुमट नुसता सुंदर वाटेल, त्याने छातीत धस्स होणार नाही.

आत गेल्यावर बसा. मग एकच शोधा : छपराचं ओझं जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने पोचतं? बोटाने हवेत ती वाट काढा. इस्तंबूलच्या आया सोफियात हे करून बघण्यासारखं आहे. सुमारे ३१ मीटर रुंद घुमट, त्याच्या बुडाशी चाळीस खिडक्या, त्यामुळे घुमट उजेडावर तरंगतो आहे असंच वाटतं. ओझं मात्र कोपऱ्यांतल्या चार वाकवलेल्या त्रिकोणांवरून चार जाड खांबांवर उतरतं. ५३७ मध्ये इमारत पुरी झाली आणि ५५८ मध्ये पहिला घुमट कोसळला. दुसरा बांधताना तो जास्त उंच केला, कारण चपटा घुमट बाजूंना जास्त रेटतो. त्या रेट्याच्या खुणा आजही आहेत. वरच्या सज्जात गेलात तर दोऱ्याला पेन बांधा आणि हात लांब करून ओळंब्यासारखं धरा. दोऱ्याच्या सरळ रेषेशेजारी तिथले खांब बाहेर झुकलेले दिसतील. माझ्या खिशात कायम हातभर दोरा असतो, तो यासाठी. आणखी एक लहानशी दुर्बीण असते, कारण इमारतीतलं उत्तम काम बहुतेक वेळा मान दुखेल इतक्या उंचावर असतं.

प्रश्न : गाइड घ्यावा की नाही?

पहिला अर्धा तास एकट्याने बघा, प्रश्न लिहा आणि मग घ्या. राजा कोण आणि राणी कोण हे कुठेही वाचायला मिळतं. गाइडला विचारा की पावसाचं पाणी कुठून जातं, शेवटची दुरुस्ती कुठे झाली, कोणता भाग नंतर जोडला. चांगल्या गाइडचा चेहरा अशा प्रश्नाने खुलतो.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी प्रत्येक ठिकाणी विचारते, 'घुमट पडत का नाही?' मला उत्तर देता येत नाही. सोप्या शब्दांत सांगाल का?

ताई, तुमच्या मुलीने या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला आहे.

गळ्यातली साखळी काढा. तिची दोन टोकं दोन हातांत धरा आणि मधला भाग लोंबू द्या. साखळी जो आकार घेते त्यात प्रत्येक कडी शेजारच्या कडीला फक्त ओढते. आता तोच आकार डोक्यात उलटा करा. ओढीच्या जागी दाब आला, आणि झाली कमान. दगड ओढ फारशी सोसत नाही, पण दाब भरपूर सोसतो. हे रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये मांडलं. पुढे साग्रादा फामिलियाचा वास्तुकार गाउदी याने दुसऱ्या एका चर्चसाठी छताला दोरे टांगले, त्यांना छऱ्यांच्या छोट्या पिशव्या लावल्या आणि जो आकार झाला तो उलटा करून इमारतीचं रूप ठरवलं. अशी टांगती प्रतिकृती साग्रादा फामिलियाच्या संग्रहालयात आहे. ती मुलीला जरूर दाखवा, आणि तिच्याबरोबर खाली वाकून वर बघा.

आता गंमत अशी की साखळी दोन्ही हातांना जशी आत ओढते, तशी कमान किंवा घुमट बुडाशी बाहेर रेटतो. म्हणून त्याचं बूड बाहेर पसरू बघतं. हे शरीराने समजून घ्यायचं असेल तर मुलीच्या तळव्यांना तुमचे तळवे टेकवा आणि दोघी एकेक पाऊल मागे सरका. तुमची कमान झाली. आणखी मागे गेलात की पाय घसरायला लागतील. घरातल्या तिसऱ्या माणसाने तुमच्या टाचांमागे पाय रोवला की थांबतील. तो तिसरा माणूस प्रत्येक घुमटाजवळ कुठेतरी असतो, त्याला शोधायला सांगा. पॅन्थिऑनमध्ये तो म्हणजे सुमारे सहा मीटर जाडीची भिंत. शिवाय तिथे काँक्रीटमध्ये खाली जड दगड घातला आहे आणि माथ्याजवळ सच्छिद्र, हलका ज्वालामुखीचा दगड. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्कीने घुमटाच्या अंगात दगडाची आणि लाकडाची कडी घातली, पिंपाला कडं ठोकतात तशी. रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाला तडे गेले तेव्हा अठराव्या शतकात त्याला बाहेरून लोखंडी कडी चढवावी लागली. विजापूरच्या गोल घुमटात वर बघा, एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दिसतील. त्या चौकोनी दालनाचं तोंड हळूहळू गोल करत आणतात आणि घुमटाला बसायला जागा देतात. मुलीला त्या मोजू द्या. मीही प्रत्येक वेळी मोजते.

प्रश्न : इतक्या लांब गेलो आणि दर्शनी बाजू परांची आणि जाळीने झाकलेली! फार वाईट वाटलं. असं कसं टाळायचं?

वाईट वाटणारच. महिनाभर आधी त्या इमारतीच्या अधिकृत सूचना बघून ठेवा, दुरुस्ती बहुधा तिथे कळते. बंद असण्याचा वारही बघा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी, पॅरिसचं लूव्र संग्रहालयही मंगळवारी. हे न बघता गेलेली माणसं मी दारात रडवेली झालेली पाहिली आहेत.

पण परांचीबद्दल माझं मत वेगळं आहे. एकदा अर्धा दिवस रेल्वेने जाऊन मी एका जुन्या कॅथेड्रलपाशी पोचले आणि पूर्ण दर्शनी बाजू जाळीखाली होती. तिकीट देताना कुणी काही सांगितलं नव्हतं. चिडून मी इमारतीला फेरी मारली तर मागच्या अंगणात पाथरवट काम करत होते. उतरवलेले चिरे ओळीने मांडलेले. त्यांतल्या एका वयस्क कारागिराने एक चिरा उलटा करून दाखवला. शेकडो वर्षं भिंतीच्या आत दडलेल्या बाजूवर मूळ पाथरवटाने कोरलेली त्याची खूण होती, बाणासारखी. मजुरीचा हिशेब ठेवायला अशा खुणा करत. जाळी नसती तर मी समोरून फोटो काढून निघून गेले असते.

कोलोनचं कॅथेड्रल १२४८ मध्ये सुरू झालं, मधे काम थांबलं आणि १८८० मध्ये पुरं झालं. तीनशेहून जास्त वर्षं त्याच्या अर्धवट मनोऱ्यावर ओझी उचलायची लाकडी क्रेन उभी होती. तिथल्या कित्येक पिढ्यांना आपलं कॅथेड्रल क्रेनसकटच माहीत होतं. आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्ने गावची मोठी मशीद मातीची आहे. तिच्या भिंतींतून ताडाच्या लाकडाचे वासे बाहेर आलेले दिसतात. शोभा तर आहेच, पण दरवर्षी नवा मातीचा गिलावा देताना गावकरी त्यांवरच चढतात. त्या इमारतीची परांची जन्मापासून अंगावर आहे.

प्रश्न : आमचा धर्म वेगळा आहे. प्रार्थना चालू असेल तर आत जावं का?

दारातल्या माणसाला विचारा. हो म्हणाला तर डोकं किंवा पाय जे झाकायला सांगतील ते झाका, मागे बसा, कॅमेरा पिशवीत ठेवा. मोठ्या दगडी दालनात आवाज काही सेकंद रेंगाळतो. तिथे चालत आलेलं संथ गायन त्या रेंगाळण्याला धरूनच घडलं आहे. रिकाम्या इमारतीत हे कळत नाही.

प्रश्न : युद्धात पडलेल्या आणि पुन्हा बांधलेल्या इमारती पाहण्यात अर्थ आहे का? शेवटी ती नक्कलच ना?

हा प्रश्न मला लागतो, कारण याच्याशी माझा व्यवसाय जोडलेला आहे.

ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलं. कित्येक वर्षं तो ढिगारा तसाच होता. पुन्हा बांधताना ढिगाऱ्यातले जुने दगड ओळखून, जमतील तेवढे त्यांच्या मूळ जागी बसवले, आणि २००५ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. तो वालुकाश्म वयाबरोबर काळा पडतो. म्हणून फिक्या भिंतीत काळे दगड विखुरलेले दिसतात. कोणता दगड जळून आला आहे आणि कोणता नवा, हे लहान मुलालाही सांगता येतं. उद्या नवेही काळे पडतील. ही नक्कल आहे असं मला कधीच वाटलं नाही, कारण ती काहीच लपवत नाही. जुन्या वास्तूंच्या जपणुकीसाठी १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद झाली तिचाही हाच आग्रह आहे : नवं काम जुन्यात शोभावं, पण ओळखू यावं.

वॉर्साचं जुनं शहर उभं करताना अठराव्या शतकातल्या बेलोत्तोच्या चित्रांचा आधार घेतला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण तिथे आणखी एक गोष्ट कामी आली : युद्धाआधी वास्तुकलेच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी घेतलेली घरांची मापं. भर उन्हात टेप धरून कंटाळलेली माझी मुलं 'हे कशासाठी?' विचारायची तेव्हा मी त्यांना वॉर्सा सांगायचे. आणि जपानमधलं इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात, शेवटचं २०१३ मध्ये. तिथे जपलं जातं ते लाकूड नव्हे, सुताराचा हात.

मला राग येतो तो जुनी भिंत पाडून तिच्यासारखीच गुळगुळीत नवी भिंत उभारून तिला जुनी म्हणण्याचा. तुम्ही जाल तिथे सांधे बघा. सांधा दिसत असेल तर बांधणारा प्रामाणिक आहे.

प्रश्न : फोटोत इमारती मागे पडल्यासारख्या का येतात?

फोन वर कलवता म्हणून. फोन ओळंब्यात, म्हणजे सरळ उभा धरा, मागे जा, खालची जमीन जास्त आली तर नंतर कापा. एक फोटो झिजलेल्या पायरीचाही काढा.

प्रश्न : आईचे गुडघे गेले आहेत. तिला इमारतींची फार हौस, पण जिने चढवत नाहीत. तिला न्यावं का? आम्ही वर जाणार आणि ती खाली बसणार, याचं अपराधी वाटतं.

न्या. नक्की न्या.

फ्लोरेन्सच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तिथे घुमटाच्या एकात एक अशा दोन कवचांच्या मधून चढत जाण्यात जे आहे ते आईंना मिळणार नाही, हे खरं. पण पॅन्थिऑन हे एकच दालन आहे, एकाच पातळीचं. घुमटाची रुंदी आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंची दोन्ही सुमारे ४३ मीटर, आणि ते सगळं एका जागी बसून दिसतं. अशा इमारती शोधा. निघण्याआधी विचारून ठेवा, चाकाची खुर्ची मिळते का आणि बाजूला पायऱ्या नसलेलं दार आहे का. पुष्कळ ठिकाणी असतं, पण पाटी नसते.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची असताना मी तिला एका चर्चमध्ये खांबापाशी बसवून मनोऱ्यावर गेले. पाऊण तासाने धापा टाकत खाली आले तेव्हा तिने मला हाताला धरून जवळ बसवलं. म्हणाली, "तो समोरचा खांब बघ. इतर सगळ्यांपेक्षा जाड आहे. वर काहीतरी जड असणार." त्याच्यावरच मनोरा होता. मी त्या खांबाशेजारून दोनदा गेले होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

आईंना बसायला अशी जागा द्या की दार आणि छत दोन्ही दिसेल. माझी दुर्बीण सांगितली तशी एक त्यांच्या हातात द्या. तुम्ही वरून आलात की आधी तुमचं सांगू नका, त्यांनी काय पाहिलं ते विचारा. आणि जमलं तर मला लिहून कळवा.