साहित्याचा अभ्यासक्रम संपताना माणसात खरंच काही बदलतं का?

तुम्ही लिहिलंय की एम.ए. मराठीच्या शेवटच्या सत्रात ‘या अभ्यासक्रमाने माझ्यात काय बदल झाला’ यावर लिहून द्यायचंय आणि ‘संवेदनशील झालो, दृष्टी व्यापक झाली’ याच्या पुढे काही सुचत नाही.

मी भुसावळची. लग्नानंतर जळगावला रेल्वेने ये-जा करून एम.ए. मराठी केलं. माझ्यापुरतं सांगायचं तर, आधी मी कवितेचा अर्थ काय ते विचारायचे. आता तो कवितेत कुठे आहे ते विचारते. पण एवढंच लिहून दिलंत तर कुणाला पटायचं नाही, म्हणून हे कसं घडलं ते सांगते.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. आठ ओळींची कविता. शाळेत ‘सुंदर निसर्गचित्र’ लिहिलं की मार्क मिळायचे. एम.ए.ला आल्यावर दुसरं तयार उत्तर हाती आलं. बालकवी आपल्या धरणगावचे, ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले, वय अवघं २७. तेव्हा कवितेतला काळा डोह म्हणजे मृत्यू. भुसावळ-जळगाव प्रवासात भादली मध्येच लागतं, त्यामुळे मला तर ते फारच खरं वाटायचं.

आमचे सर म्हणाले, “कवीचं नाव आणि ती तारीख झाकून ठेवा. आता ओळ दाखवा.”

मग त्या तासाला आम्ही नुसती वाट शोधत बसलो. हिरवे काठ, निळासावळा झरा, टेकडीकडे चार घरांचं गाव, शेतमळे, आणि त्या हिरव्यातून अडवीतिडवी जाणारी पांढरी पायवाट. ती गावाकडे येत नाही, काळ्या डोहाकडे जाते. इथपर्यंत मृत्यूवाल्यांचं म्हणणं टिकतं. पण पुढच्याच ओळीत पाण्यावर पसरलेल्या काळिमेला कवी ‘गोड’ म्हणतो. आणि औदुंबर तर पाण्यात पाय सोडून निवांत बसलाय. तो दुःखी आहे असं कविता कुठेच म्हणत नाही. वर्गात दोन तट पडले, आणि सरांनी निकाल दिला नाही. त्या दिवशी मला फार चुळबुळ झाली होती. उत्तर न घेता तासावरून उठायची सवयच नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंना कविता वाचून दाखवली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, माहेर यावल तालुक्यातल्या खेड्यातलं. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ती बायांची पाण्याला जायची वाट असेल, आणि खोल पाणी काळंच दिसतं. दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. सरांनी तोच प्रश्न विचारला, ओळीला धरून आहे का? आहे. चार घरांच्या गावाला पाणी कुठून तरी आणावंच लागणार. सरांनी तेही फळ्यावर लिहिलं, मृत्यूवाल्या अर्थाच्या शेजारी. सासूबाईंचं वाचन समीक्षकांच्या बरोबरीने फळ्यावर आलं याचा मला आजही अभिमान वाटतो.

बहिणाबाईंकडेही मी आता वेगळं बघते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी उतरवून घेतल्या म्हणून त्या कविता राहिल्या, आणि पुस्तक आलं ते १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतर. तोंडून निघालेली ओळ कागदावर येते तेव्हा मध्ये कुणाचा तरी हात असतो, हे एकदा ध्यानात आलं की कुठलीही छापील ओळ वाचताना ती कुणी टिपली, हा विचार येतोच.

याचा घरातही उपयोग झाला. शेताच्या वाटणीवरून भाऊबंदांत बोलाचाली सुरू झाली, तेव्हा मी वाटणीपत्र मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर ओळ न ओळ मोठ्याने वाचलं. निम्मा वाद ऐकीव गोष्टींवरच चालला होता. उरलेला निम्मा खरा होता, तो अजून मिटलेला नाही. साहित्य शिकल्याने भांडणं मिटतात असं मी म्हणणार नाही. समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायचा धीर मात्र आला, आणि तो माझ्यात आधी नव्हता हे घरचेही सांगतील.

तुमच्या लेखासाठी एक सुचवते. पहिल्या सत्राची वही जपून ठेवली असेल तर काढा. त्यातलं एखादं रसग्रहण निवडा, जुनं न वाचता त्याच कवितेवर आज पुन्हा लिहा, मग दोन्ही शेजारी ठेवा. तेव्हा कुठली ओळ नजरेतून सुटली होती, आज कुठे थांबलात, कुठला अर्थ सोडून द्यावासा वाटला, हेच लिहा. वही नसेल तर शाळेत पाठ केलेली एखादी कविता घ्या. कवीच्या चरित्रातला मजकूर पहिल्या पानावर आणू नका, आधी ओळींबद्दल बोला. कोणती कविता घेताय ते कळवलंत तर मीही ती काढून वाचेन.