नशेचं इंजेक्शन घेताना सुई स्वतःची, पण माल विरघळवायचा चमचा आणि पाणी सगळ्यांचं एकच असेल तर एचआयव्हीचा धोका राहतो का?

हो, राहतो. वापरलेली सुई घेण्याइतका नाही, पण शून्यही नाही. हेपॅटायटिस सीचा धोका तर त्याहून जास्त.

दट्ट्या मागे ओढून शीर सापडली का बघतात, तेव्हा रक्त सिरिंजमध्ये येतं. नंतर दट्ट्या पूर्ण दाबला तरी सुईच्या बुडाशी थोडं उरतंच. सुई काढता येते अशा सिरिंजमध्ये ही जागा मोठी असते, सुई पक्की जोडलेल्या इन्सुलिन सिरिंजमध्ये अगदी नगण्य. धुतल्यावर उरणाऱ्या रक्तातला फरक हजार पटीपर्यंत मोजला गेलाय. अशी सिरिंज कोणी सगळ्यांच्या पाण्यात खळबळली किंवा तिनेच चमच्यातून पुन्हा माल ओढला, की रक्त पाण्यात, चमच्यात, माल गाळायच्या कापसात उतरतं आणि तुमची कोरी सुई त्यातूनच भरते. वापरलेला कापूस पिळून उरलासुरला माल घेणंही म्हणूनच वाईट.

आणखी एक प्रकार 'शेअरिंग' म्हणून कोणी मोजतच नाही. एका सिरिंजमध्ये माल भरायचा आणि तिच्यावरच्या रेघा बघून दुसऱ्याच्या सिरिंजमध्ये वाटा सोडायचा. मोजणारी सिरिंज वापरलेली असेल तर सुया वेगळ्या असूनही उपयोग नाही. वाटणी कोरड्या पावडरीचीच करा, नाहीतर मोजायला कधीच न टोचलेली सिरिंज ठेवा. सगळ्यांच्या सिरिंज एकसारख्या दिसतात आणि नशेत हमखास बदलतात. आपल्या सिरिंजवर नेलपॉलिशची खूण करा.

बाधित व्यक्तीची सुई एकदा वापरली तर लागण होण्याची शक्यता साधारण १०,०००मध्ये ६३. आकडा लहान वाटतो, पण दिवसाला चार वेळा टोचणाऱ्याची महिन्यात १२० इंजेक्शनं होतात. कोकेन, मेथ (मेथॅम्फेटामिन) यांचा असर लवकर उतरतो, त्यामुळे संख्या आणखी वाढते आणि कोऱ्या सुया संपतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत २०१४-१५ मध्ये ऑक्सिमॉर्फोन हे अफूसारखं वेदनाशामक टोचणाऱ्यांत एचआयव्हीची अशीच साथ पसरली. काही जण दिवसात १५ वेळांपर्यंत टोचत होते. १८१ जण बाधित निघाले आणि त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना हेपॅटायटिस सीसुद्धा होता. गटात हेपॅटायटिस सी फिरतोय म्हणजे रक्ताची देवाणघेवाण चालू आहे, एवढं समजून घ्या.

'त्याची टेस्ट निगेटिव्ह आहे' यावर विसंबू नका. नव्या लागणीत पहिले काही आठवडे रक्तात विषाणू प्रचंड असतो आणि नेमका तेव्हाच रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

लायटरने सुईचं टोक काळं होतं, नळीतलं रक्त तसंच राहतं. प्रयोगशाळेत सिरिंजमध्ये एचआयव्ही ४२ दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय. कोरी सुई मिळतच नसेल तर ब्लीच हा नाइलाजाचा उपाय. आधी स्वच्छ पाणी ओढून, हलवून बाहेर टाका, रक्त दिसेनासं होईपर्यंत. मग पाणी न मिसळलेलं ब्लीच पूर्ण भरून ३० सेकंद हलवा आणि फेकून द्या. शेवटी नव्या पाण्याने पुन्हा धुवा. पहिलंच पाणी परत वापरलं तर सगळी मेहनत वाया. हेपॅटायटिस सीसाठी यावर भरवसा ठेवू नका.

ओपिऑइड (हेरॉइनसारखी अफूच्या जातीची नशा) घेत असाल तर मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिनचा उपचार (ओएसटी) सुरू करा. त्याने एचआयव्हीचा धोका जवळपास निम्मा होतो, कारण टोचणंच कमी होतं. टोचणं चालू असेल तर प्रेपच्या (लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या) गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा.

वापरलेली सुई टोचली गेली असेल तर वाट बघत बसू नका. पीईपीची (धोका घडून गेल्यावर लागण रोखायला घ्यायची) औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस न चुकता घ्यायची. पीईपी घेतली नसेल तर शिरेतलं रक्त घेऊन केलेली अँटिजेन-अँटिबॉडी (विषाणूचा अंश आणि शरीराने त्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं, दोन्ही शोधणारी) चाचणी ४५ दिवसांनी भरवशाची ठरते; फक्त अँटिबॉडी बघणाऱ्या रॅपिड किटसाठी ९० दिवस थांबा.