दुर्बीण ठेवलीत कपाटात, पण गणित का काढलंत?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. ‘नीट’चा क्लास लावला आहे, म्हणून गणित काढून भूगोल घेतला; तीही खूश आहे. पण तिच्या डोक्यात पक्ष्यांवर संशोधन करायचं खूळ आहे. विहिरीवरच्या बाभळीखाली बसून सुगरणीची घरटी मोजते, अर्धवट सोडलेल्या घरट्यांच्या याद्या करते. दुर्बीण मी कपाटात ठेवली आहे, बारावीनंतर देईन. तरी जातेच. हे खूळ कसं काढावं? – एक पालक, जळगाव जिल्हा

उत्तर : खूळ काढायचे उपाय माझ्याकडे नाहीत, आणि असते तरी दिले नसते.

अर्धवट घरट्यांच्या याद्या तुम्ही तक्रार म्हणून लिहिल्यात. मला पत्रात तेवढंच वाचण्यासारखं वाटलं. सुगरणीचा नर घरटं हेल्मेटच्या आकारापर्यंत विणतो आणि थांबतो. मादी येते, आत शिरून बघते. पसंत पडलं तर पुढचं काम होतं, नाही तर घरटं तसंच लोंबत राहतं. एक मादी स्थिरावली की हा गडी दुसरं घरटं विणायला घेतो. १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी हेच बारकाईने टिपलं, तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती आणि विद्यापीठाची पदवीही नव्हती. (यावरून पदवी लागत नाही असा सोयीचा अर्थ लेकीने काढू नये, आता लागते.) माद्या उंचावरची, जाड फांदीवरची, बारीक धाग्यांनी विणलेली घरटी पसंत करतात, असं पुढे भारतातल्याच अभ्यासात दिसलं. तिच्या वहीत फांदीच्या जाडीचा रकाना आहे का, हे एकदा विचारा. असेल तर तुमच्या घरात सोळाव्या वर्षीच संशोधन सुरू झालंय, आणि तुम्ही त्याला कुलूप लावताय. दुर्बीण आजच परत द्या. बक्षीस म्हणून नको, तिची आहे म्हणून.

आता लेकीकडे वळते, कारण गणित सुटल्याचा आनंद तिलाही झालाय. पक्षी म्हणजे जीवशास्त्र, गणिताशी काय संबंध, हा समज मला दर वर्षी भेटतो आणि दर वर्षी कोणाचं तरी नुकसान करतो. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ दांपत्य १९७३ पासून पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घालून त्यांच्या चोची मोजत होतं. १९७७ मध्ये दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या, टणक मोठ्या उरल्या आणि बारीक चोचीचे पक्षी जास्त मेले. वाचलेल्यांच्या चोची सरासरीने फक्त अर्धा मिलिमीटर जाड होत्या. हा अर्धा मिलिमीटर योगायोग नाही, आणि जाड चोच पिल्लांमध्ये उतरते, हे दाखवायला संख्याशास्त्रच लागलं. उत्क्रांती डोळ्यांसमोर घडताना पकडली ती दुर्बिणीइतकीच व्हर्नियर कॅलिपरने, म्हणजे चोच मोजायच्या साधनाने. आज या क्षेत्रात निम्मा दिवस संगणकावर आकडेमोड आणि डीएनएच्या माहितीपुढे जातो. ते नको असेल तर छंद म्हणून पक्षी बघावेत, त्यातही कमीपणा नाही.

मार्ग नेहमीचेच : बारावीनंतर आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधनाच्या केंद्र सरकारी संस्था), किंवा बीएस्सी करून डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत वा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत एमएस्सी, मग पीएचडी. गणिताशिवाय आयसरची पात्रता जात नाही, पण तिथल्या प्रवेश परीक्षेत गणिताचे प्रश्न असतातच.

पैशाची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ती पत्रात आहे, आणि रास्त आहे. नेट-जेआरएफ, म्हणजे परीक्षा देऊन मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. पीएचडीला पाच-सहा वर्षं. कायमच्या जागा थोड्या, आणि त्या मिळेपर्यंत तिशी उलटते. डॉक्टरांच्या मुलांशी तुलना करत बसलात तर ही वर्षं दोघांनाही जड जातील. पण मनाविरुद्ध ‘नीट’, मग रिपीट, मग पुन्हा रिपीट, यातही वर्षं जातातच की. ती कोणी मोजत नाही.

‘नीट’चा क्लास तिला हवा असेल तर चालू ठेवा, तिला, तुम्हाला नव्हे. आणि भूगोलाच्या जागी गणित परत घेता येईल का, हे याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा. नाही म्हणाले तर अकरावी-बारावीचं गणित तिने घरी करावं. कटकट करेल, करू द्या.