पुरातत्त्वाचं शिक्षण नसताना वाळवंटातल्या कोरीव चित्रांची आणि पडक्या वस्त्यांची नोंद करता येते का?

तुम्ही फिनिक्सला नवीन आहात, ट्रेकला जाता आणि दगडांवर चित्रं दिसतात, असं लिहिलंयत. करता येते की! मीही इंजिनिअर आहे, राहतो न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला. आमच्या शहराच्या पश्चिमेला १७ मैल लांब बसाल्टचा कडा आहे, त्यावर २४,००० च्या आसपास कोरीव चित्रं. खडकावर मँगनीज-लोहाचा काळपट थर चढलेला असतो. तो दगडाने टोचून उडवला की आतला फिकट रंग उघडा पडतो. भर दुपारी बघाल तर काहीच दिसत नाही. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात मात्र तोच दगड चित्रांनी भरून जातो.

मला पहिला धडा एका खापरीने दिला. पडक्या भिंतीजवळ अंगठ्याएवढी, काळ्या-पांढऱ्या नक्षीची खापरी दिसली. उचलली, पुसली, फोटोसाठी सपाट दगडावर मांडली. परत ठेवायला वळलो तर नेमकी कुठली जागा, ते आठवेना. खापरी हातात होती, पण ती कुठे पडली होती हेच तर टिपायचं होतं! (सरकारी जमिनीवरून अशी वस्तू नेली तर १९७९ च्या कायद्याने गुन्हा होतो, ते वेगळंच.)

म्हणून हात खिशात. आधी अख्खा दगड, मग चित्र, शेजारी मोजपट्टी. खडू फिरवू नका, पाणी मारू नका. फोनचं लोकेशन बंद ठेवा आणि जागा कुठे जाहीर करू नका. प्वेब्लो लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, ज्यांच्या पूर्वजांनी यातलं बरंच काही घडवलं, ते ‘नाहीसे’ झालेले नाहीत. त्यांच्या जमिनीवर परवानगीशिवाय पाऊल नको.

हौशी माणसाला काय साधतं? न्यू मेक्सिकोतल्याच चाको कॅन्यनमध्ये, जुन्या प्वेब्लो वस्त्यांच्या दरीत, १९७७ साली ॲना सोफेअर या चित्रकार बाईंना फहादा टेकडीवर कोरलेल्या सर्पिलावर सुरीसारखी उन्हाची तिरीप पडताना दिसली. उन्हाळी अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या, सुमारास ती बरोबर मधोमध उतरायची. मग टेकडीवर माणसांची रीघ लागली, पायांखालची माती झिजली आणि ऊन गाळणाऱ्या शिळा सरकल्या. १९८९ मध्ये ते लक्षात आलं. आता वर जायला बंदी आहे.

तुमच्या ॲरिझोनात ‘साइट स्टीवर्ड’ नावाची स्वयंसेवकांची योजना आहे. प्रशिक्षण देतात, एक जागा सोपवतात, अधूनमधून जाऊन बघायचं आणि कळवायचं. आमच्याकडेही तसंच चालतं. माझ्या वाट्याला अकरा दगड आणि अर्धी भिंत आली आहे. चौथं वर्ष चालू आहे, नोंद अजून पुरी झालेली नाही.