आधी पत्रा बघ, मग इंजिनाचं बोलू

अरे मित्रा,

तुझा मेसेज वाचला, फोटो पण झूम करकरून बघितले. तू घ्यायला निघालेली ती हिंदुस्तान मोटर्सची जुनी काळी कॉन्टेसा, ते लांबलचक बोनट, आणि खाली तुझं वाक्य, "काका हिच्यात व्ही-एट टाकतो, इंडियन मसल कार होईल." व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन! ते वाचून हातातला चहा खाली ठेवला बघ. राग नाही आला, तुझ्या वयात माझंही डोकं असंच चालायचं. पण फोनवर तू मधे मधे बोलतोस आणि मला हे एका दमात सांगायचंय, म्हणून लिहितोय.

आधी मसल कार म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण रील्सवाले कुठल्याही जुन्या दोन दरवाजांच्या गाडीला मसल कार म्हणतात. मधल्या साइझच्या साध्या गाडीत भलंमोठं इंजिन, ती मसल कार. 1964 ची अमेरिकेची पाँटिअॅक जीटीओ घे. पाँटिअॅक ज्यांची होती त्या जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मधल्या साइझच्या गाडीत 330 क्यूबिक इंचाच्या वरचं इंजिन घालायचं नाही. पाँटिअॅकवाल्यांनी पळवाट काढली, वेगळं मॉडेल न म्हणता टेम्पेस्ट गाडीचं ऑप्शन पॅकेज म्हणून 389 क्यूबिक इंचाचं, म्हणजे आपल्या हिशोबानं 6.4 लिटरचं व्ही-एट बसवलं, ताकद 325 हॉर्सपॉवर. आणि ब्रेक म्हणशील तर चारही चाकांना ड्रम! सरळ रस्त्यावर वाघ आणि वळणावर म्हैस. हे सगळं दहाएक वर्षं चाललं, मग इन्शुरन्सवाल्यांनी प्रीमियम वाढवले, धुराचे कायदे आले, 1973 ला तेलाचं संकट आलं आणि तमाशा आटोपला.

आता आपली कॉन्टेसा. डिझाइन इंग्लंडच्या व्हॉक्सॉल कंपनीचं, आपल्याकडे 1984 ला आली, आणि आत इंजिन होतं अँबेसेडरचं दीड लिटरवालं, 50 हॉर्सपॉवरच्या आसपास. पहिलवानाचं शरीर आणि छातीत दमा, अशी गत. मग जपानच्या इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आलं, 1817 सीसी, 88 हॉर्सपॉवर, आणि तेव्हा कुठे गाडीच्या अंगात जीव आला. हे इंजिन बनायचं कुठे माहितीये? हिंदुस्तान मोटर्सच्या पिथमपूरच्या कारखान्यात! गाडी बंगालमधे उत्तरपाड्याला जुळायची आणि इंजिन जायचं आपल्या इंदूरच्या बाजूनं. मी तेव्हा पिथमपूरलाच एका छोट्या वर्कशॉपमधे लेथवर होतो, आमचा त्या इंजिनाशी काही संबंध नव्हता, पण धार रोडवर कॉन्टेसा दिसली की आम्ही पोरं म्हणायचो, भिया, ही आपली. तू जे काढून फेकायला निघालायस ते म्हणजे या गाडीत जे इंदूरचं आहे नेमकं तेच आहे.

बरं, भावना सोड, हिशोबानं बघ. तेच 1.8 इंजिन पुढे अँबेसेडरमधे पण आलं, ती 1800 आयएसझेड, त्यामुळे इंजिनाचे पार्ट आजही शोधले तर मिळतात. इंदूरच्या सियागंज बाजारात चार दुकानं फिरावी लागतील, पण मिळतात. जे मिळत नाही ते म्हणजे पत्रा, काचा, दाराची रबरं, क्रोमच्या पट्ट्या. आणि या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा, म्हणजे खालचा पत्रा सडला की गाडीचं हाडच गेलं. म्हणून पहिले पत्रा बघायचा.

माझंच सांगतो, हसू नकोस. 2006 ला एका दलालाकडून पांढरी कॉन्टेसा घेतली, पेंट असा की तोंड दिसावं. घरी आणली, आईनं नारळ फोडला, गल्लीतली पोरं आत बसून फोटो काढून गेली. पहिल्याच पावसाळ्यात पायाखाली ओल लागली म्हणून मॅट उचलला तर खाली डांबर फासलेला वर्तमानपत्राचा थर, तो ओढला तर रस्ता दिसला! दाराखालच्या पट्टीत बोटभर पुट्टी. त्या डेंटिंगला जेवढा खर्च आला त्यात दुसरी गाडी आली असती, आणि बायकोनं ती रक्कम अजून लक्षात ठेवली आहे, ते वेगळंच. तेव्हापासून जुनी गाडी बघायला जाताना खिशात फ्रिजवरचं चुंबक असतं. कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचं, जिथे धरत नाही तिथे पुट्टी. डिकीतलं स्टेपनी काढून खालचा खड्डा बघ, पाणी तिथेच साचतं.

आता तुझ्या व्ही-एटचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून काढ, कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमधे असा फेरबदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानं पण हेच सांगितलंय. उद्या कुठे ठोकलीस आणि इन्शुरन्सवाल्यानं बोनट उघडलं की क्लेम गेलाच समज. आणि कायदा सोडला तरी ब्रेकचं काय? स्पीड दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, 88 घोड्यांच्या हिशोबानं बनवलेल्या गाडीत 300 घोडे जुंपलेस तर ती पळेल रे, थांबेल कशी? पिथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, 2021 ला सुरू झाला, पण तो टेस्टिंगसाठी आहे, तुला तिथे कोणी आत सोडणार नाही. उरतो बायपास, आणि तिथे रात्री ट्रक उभे असतात विनालाइटचे.

ताकदवान गाड्यांचं वेड आपल्या इंदूरला नवीन नाही हे कबूल. आपले महाराजा यशवंतराव होळकर दुसरे, त्यांनी अमेरिकेची सुपरचार्जरवाली ड्यूसेनबर्ग गाडी मागवून इंग्लंडात गर्नी नटिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडून तिच्यावर बॉडी चढवून घेतली होती, तीसच्या दशकात! पण त्यांच्याकडे मिस्तरी ठेवायला संस्थान होतं. तुझ्याकडे पगार आहे, त्यातला पण हप्ता जातो.

अजून एक, पेट्रोल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीतले रबरी होस आणि डायफ्राम त्याला खचतात, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं म्हणून महिना महिना उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. तेव्हा घेतलीस तर पहिला खर्च होस, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि टायर. म्युझिक सिस्टीम नंतर. कागदाचं पण बघ, 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी फिटनेस करून आरसी रिन्यू होते, हिची केली आहे की नुसतीच उभी आहे? 50 वर्षं झाली नाहीत म्हणून व्हिंटेजवाली व्हीए प्लेट हिला लागू नाही, मालक तसं म्हणत असेल तर फेकतोय. बॉडीवर कोरलेल्या चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घे आणि आरसीशी आकडा आकडा ताडून बघ.

रविवारी मी येतो तुझ्यासोबत, सकाळी 7 ला राजवाड्याजवळ भेट, पोहे खाऊन निघू. मालकाला आजच फोन करून ठेव की आम्ही येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका, आम्हाला ती गार पाहिजे, पहिल्या सेल्फला सायलेन्सरमधून कुठल्या रंगाचा धूर येतो ते बघायचंय. टॉर्च तू आण, चुंबक माझ्याकडे आहे.

तुझा काका